तीन पिनांचा माणूस : हॅरी फर्ग्युसन

संशोधक म्हटलं की आपल्याला एडिसन आठवतो, राइट बंधू आठवतात, आणि जेम्स वॅट तर पहिल्या वर्षापासून आपल्या मानगुटीवर बसलेला असतो. पण ज्याचा शोध लाखो शेतकरी रोज स्वतःच्या हाताने अडकवतात, त्याच्या पिना ठोकतात आणि त्याच्या भरवशावर वावरात उतरतात, त्या माणसाचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? हॅरी फर्ग्युसन म्हटलं तर कुणी म्हणेल, ते मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवर लिहिलेलं असतं तेच ना? हो, तोच! पण त्याची खरी देणगी ट्रॅक्टर नाही. ट्रॅक्टरच्या मागे दोन दांडे खाली आणि एक वर अशी जी तीन ठिकाणची जोडणी असते, ज्याला आपण थ्री पॉइंट लिंकेज म्हणतो, ती त्याची देणगी.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडचा. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेड राजा हा आमचा तालुका. तिथून मेहकरकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. कापूस, सोयाबीन, तूर ही आमची पिकं. उन्हाळ्यात पलटी नांगर, मृगाच्या तोंडावर रोटाव्हेटर, पाऊस पडला की पेरणी यंत्र. एकाच ट्रॅक्टरच्या मागे औजारं बदलत राहतात, आणि घाईच्या दिवसांत दिवसातून दोन-दोन वेळा बदलतात. ट्रॅक्टर घेताना सगळे विचारतात, किती एचपीचा? डिझेल किती खातो? हप्ता किती? मागचं औजार नीट कसं जोडायचं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ते काय, पोरगंही जोडतं! आणि नेमकं तिथेच माणसं मरतात. फर्ग्युसनने आयुष्याची पस्तीस-चाळीस वर्षं ज्या प्रश्नावर घालवली, तो प्रश्न आपण दोन मिनिटांत, अंदाजाने, पिनेऐवजी खिळा ठोकून सोडवतो. म्हणून या माणसाची गोष्ट आपल्या मासिकात यावी असं मला वाटलं.

शेतकऱ्याचा मुलगा, शेतीचा कंटाळा

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात, डाउन परगण्यातल्या ड्रोमोरजवळच्या ग्रोवेल इथे झाला. अकरा भावंडांतला तो चौथा. वडील शेतकरी, धार्मिक आणि अतिशय कडक. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि हॅरी घरच्या शेतीत जुंपला गेला. त्याला हे काम मुळीच आवडत नव्हतं. शरीर लहानखुरं, काम ढोरमेहनतीचं आणि वडिलांशी रोज खटके. शेवटी सगळं सोडून कॅनडाला जायचं त्याने ठरवलं. पण थोरला भाऊ जो याने बेलफास्टमध्ये सायकल आणि मोटारदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. १९०२ मध्ये हॅरी तिथे कामाला लागला आणि कॅनडा राहून गेलं.

सायकलच्या दुकानावरून आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनीही १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासेल अशी लोकांना भीती, त्यामुळे पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. दोघांमध्ये हजारो मैलांचं अंतर, ओळख असण्याचा प्रश्नच नाही, पण वाट सारखी. आधी दुरुस्तीच्या कामात हात काळे केले, मग शेतकऱ्याच्या अडचणीला हात घातला.

हॅरीला यंत्राची उपजत जाण होती. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखायचा. दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचा. मग विमानाचं वेड लागलं. स्वतः विमान बांधलं, आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो इथे ते उडवलं. उड्डाण अवघं सव्वाशे-दीडशे यार्डांचं, पण आयर्लंडमध्ये विमान उडवणारा तो पहिला माणूस ठरला. पुढे भावाशी पटेना म्हणून १९११ मध्ये त्याने स्वतःचा मोटारींचा व्यवसाय काढला. तिथे त्याला विली सँड्स नावाचा कसबी कारागीर मिळाला. फर्ग्युसनच्या डोक्यातल्या बऱ्याच कल्पना लोखंडात उतरवल्या त्या या सँड्सने. एकट्याने शोध लावणारा संशोधक पुस्तकात असतो, वर्कशॉपमध्ये दोघं-तिघं लागतात.

ट्रॅक्टर उलटतो कसा?

पहिलं महायुद्ध सुरू झालं. जहाजं बुडू लागली, अन्नधान्याची टंचाई झाली. घरचं धान्य वाढवायचं म्हणजे जास्त जमीन नांगरायची. १९१७ मध्ये सरकारी शेतीखात्याने फर्ग्युसनवर आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांचं काम सुधारण्याची जबाबदारी टाकली. तो आणि सँड्स गावोगाव फिरले. त्यांनी पाहिलं की ट्रॅक्टर म्हणजे फक्त एक लोखंडी घोडा झाला होता. मागे साखळीने किंवा हुकाने चाकांचा जड नांगर बांधायचा आणि फरफटत न्यायचा. नांगर वेगळा, ट्रॅक्टर वेगळा. नांगर उचलायला वेगळा माणूस किंवा वेगळे दांडे. चाकांची पकड वाढवायची तर ट्रॅक्टरच जड करायचा, आणि जड ट्रॅक्टरने जमीन दाबली जायची.

त्याच वर्षी हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर आला. हलका, स्वस्त, हजारोंनी खपणारा. पण त्याच्यात एक जीवघेणी गोष्ट होती. मागचा नांगर दगडाला किंवा मुळाला अडला की पुढची चाकं वर उठायची आणि काही कळायच्या आत ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा पडायचा. कितीतरी माणसं अशी गेली.

हे का होतं ते आपण अप्लाइड मेकॅनिक्समध्ये शिकलेलो आहोत, फक्त तिथे ट्रॅक्टरचं चित्र नसतं. इंजिन मागचं चाक एका दिशेला फिरवतं, तेव्हा तेवढाच उलटा पीळ ट्रॅक्टरच्या धडाला बसतो. चाक फिरत असेल तोवर ठीक. पण नांगर अडला आणि चाकांची पकड सुटली नाही, तर चाक जागेवर राहतं आणि धडच आसाभोवती वर फिरायला लागतं. त्यात ओढ जर आसाच्या उंचीच्या वर बांधलेली असेल, तर ती ओढही धडाला मागेच खेचते. चालकाला क्लच दाबायला एखादा सेकंद मिळतो, बस!

दुसरे लोक यावर चाकामागे अडसर लावा, वजन वाढवा असे उपाय करत होते. फर्ग्युसनने प्रश्नच वेगळा मांडला. नांगर ओढायचा कशाला? तो ट्रॅक्टरला असा जोडा की दोन्ही मिळून एकच यंत्र होईल.

तीन दांड्यांचं गणित

१९१७ मध्येच त्याने फोर्डच्या मॉडेल टी मोटारीपासून केलेल्या ट्रॅक्टरसाठी बिनचाकी हलका नांगर काढला. मग फोर्डसनसाठी वर एक आणि खाली एक अशी दुहेरी जोडणी केली. नंतर हायड्रोलिकची जोड दिली. १९२५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९२६ मध्ये ते मिळालं. पुढे दोनाच्या जागी तीन दांडे झाले, खाली दोन आणि वर एक. १९३३ मध्ये ही सगळी रचना असलेला त्याचा स्वतःचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. काळ्या रंगाचा, एकुलता एक. पहिल्या बिनचाकी नांगरापासून इथवर यायला सोळा वर्षं लागली होती!

आता हे तीन दांडे करतात काय ते पाहू. खालचे दोन दांडे औजार ओढतात. ते आणि वरचा दांडा समांतर नसतात. त्यांच्या रेषा मनातल्या मनात पुढे वाढवल्या तर त्या ट्रॅक्टरच्या पुढच्या भागात एकत्र येतात. म्हणजे औजार मागे लटकलेलं दिसलं तरी ओढलं जातं ते जणू पुढच्या आसाजवळून. वरचा दांडा, म्हणजे आपली टॉप लिंक, नांगरताना ओढत नाही, ढकलते. मातीचा रोध फाळाला मागे लोटतो, त्यामुळे नांगराचं डोकं पुढे झुकू पाहतं आणि टॉप लिंकमधून ट्रॅक्टरला पुढे रेटतं. जो नांगर पूर्वी ट्रॅक्टरचं नाक वर उचलायचा, तोच आता ते खाली दाबून धरतो!

याच्या पुढची करामत हायड्रोलिकची. टॉप लिंकवरचा दाब एका स्प्रिंगला कळतो. जमीन कठीण लागली, दाब वाढला की हायड्रोलिक औजार किंचित उचलतं आणि औजाराचं वजन मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. जमीन मऊ लागली की औजार पुन्हा खाली. हाच आपला ड्राफ्ट कंट्रोल. आणि नांगर एकदमच दगडाला अडला तर? दाब इतका वाढतो की हायड्रोलिक वजन सोडून देतं, मागच्या चाकांची पकड जाते आणि चाकं जागच्या जागी फिरतात. ट्रॅक्टर उलटत नाही. पकड घालवून माणूस वाचवायचा, ही कल्पना मला सगळ्यात जास्त आवडली.

हात मिळवला, हात सोडला

१९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन या इंग्लंडमधल्या गिअर बनवणाऱ्या कारखानदाराबरोबर फर्ग्युसनने ट्रॅक्टर बाजारात आणला. तेराशे-साडेतेराशे ट्रॅक्टर निघाले, पण धंदा फायद्यात येईना आणि भागीदारांचंही पटेना. ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर आणि औजारं जहाजात घालून अमेरिकेला गेला आणि हेन्री फोर्डच्या डिअरबॉर्नच्या शेतात चालवून दाखवली. मग शेतातच टेबल-खुर्च्या मांडून, चावीच्या छोट्या नमुन्यावर त्याने जोडणीचं तत्त्व समजावलं. फोर्डला पटलं. दोघांनी हात मिळवला आणि करार झाला. कागद नाही, सही नाही!

जून १९३९ मध्ये त्यांचा ९एन ट्रॅक्टर आला. तो आणि पुढचा २एन मिळून तीन लाखांवर ट्रॅक्टर खपले. पण फोर्ड म्हातारा झाला, कारभार नातवाकडे गेला, आणि १९४६ मध्ये नातवाने तो तोंडी करार संपवायचं ठरवलं. नवा ८एन ट्रॅक्टर आला, त्यात जोडणी फर्ग्युसनचीच. फर्ग्युसनने २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. चार वर्षांवर खटला चालला. एप्रिल १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मागितलेल्याच्या मानाने रक्कम किरकोळ, पण एवढ्या मोठ्या कंपनीला एका माणसाने पैसे मोजायला लावले हेही खरं. हात मिळवून झालेले करार दोन्ही माणसं जिवंत आणि कारभारात असेपर्यंतच टिकतात, एवढा धडा उद्योजक व्हायला निघालेल्या मित्रांनी जरूर घ्यावा.

दरम्यान इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीला १९४६ पासून स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात त्याचा करड्या रंगाचा टीई २० तयार होऊ लागला. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर निघाले. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच ट्रॅक्टरांवरून!

स्वभावाने फर्ग्युसन फार हट्टी आणि फार टापटिपीचा. नुसता ट्रॅक्टर विकून त्याचं समाधान होत नसे, म्हणून शेतकरी आणि विक्रेत्यांना औजार जोडणं शिकवायला त्याने प्रशिक्षण केंद्र काढलं. ट्रॅक्टरसोबत मिळणाऱ्या पान्यावर इंचांच्या खुणा कोरलेल्या असत. त्याच पान्याने नट आवळायचा आणि त्याच पान्याने अंतर मोजायचं. शेतकऱ्याला वेगळी पट्टी शोधायला लागू नये, हा विचार. यंत्र विकणं आणि यंत्र वापरायला शिकवणं ही त्याच्या लेखी वेगवेगळी कामं नव्हती.

१९५३ मध्ये त्याने आपला व्यवसाय कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीत दहा लाख डॉलरचा फरक उरला होता, तो नाणं उडवून ठरवला आणि फर्ग्युसन हरला! वर्षभरातच तो तिथूनही बाहेर पडला. शेवटची वर्षं चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोटारीच्या मागे घालवली. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमध्ये त्याचं निधन झालं. पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीच्या मोटारीने स्टर्लिंग मॉसच्या हाती इंग्लंडमधली गोल्ड कप शर्यत जिंकली. आणि १९६० मध्येच मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने 'टॅफे' कंपनी सुरू झाली. आपल्या वावरांत फर्ग्युसन हे नाव आलं ते तिथून.

आता दुसरबीडच्या वावरात

आज ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो, लाल, निळा की हिरवा, मागची जोडणी फर्ग्युसनचीच असते. मापंही ठरलेली आहेत. आयएस ४४६८ हे आपलं भारतीय मानक त्यासाठीच आहे. कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिना २२ मिमीच्या, वरची १९ मिमीची. कॅटेगरी २ मध्ये खालच्या साधारण २८ आणि वरची २५ मिमीची. मोठ्या भोकात बारीक पिन घातली की ती खडखडते, वाकते आणि एक दिवस तुटते. त्यासाठी बुश मिळतं, ते बसवावं. पिनेच्या टोकाला क्लिपच हवी. तार किंवा खिळा चालत नाही.

जोडायची पद्धतही ठरलेली आहे. औजार सपाट जागेवर ठेवायचं. ट्रॅक्टर सरळ रेषेत हळू मागे घ्यायचा, आणि तो मागे येत असताना ट्रॅक्टर आणि औजार यांच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. ब्रेक लावून, ट्रॅक्टर बंद करून खाली उतरायचं. आधी डावा दांडा, कारण साधारणपणे त्याची उंची ठरलेली असते; मग उजवा, कारण त्याची उंची हँडल फिरवून कमी-जास्त करता येते; शेवटी टॉप लिंक. काढताना बरोबर उलट.

मग समतोल. मागून पाहिलं तर औजार डावी-उजवीकडे कललेलं नको. ते उजव्या हँडलने जुळवायचं. बाजूने पाहिलं तर पुढे-मागे कललेलं नको. ते टॉप लिंकने जुळवायचं. टॉप लिंक आखूड केली की नांगराचं नाक खाली जातं आणि तो जास्त घुसतो; लांब केली की उलट. नांगर घुसत नाही म्हणून त्यावर दगड ठेवणारे, नाहीतर माणूस बसवणारे आमच्याकडे दिसतात. टॉप लिंकचे दोन-तीन आटे फिरवले तर काम होतं! आणि औजारावर बसलेला माणूस पडला तर सरळ फाळाखाली जातो. बाजूच्या साखळ्याही पाहाव्यात. ढिल्या राहिल्या तर औजार डोलतं आणि टायरला घासतं. नांगराला थोडी मोकळीक लागते, रोटाव्हेटरला कमी. नांगराला ड्राफ्ट कंट्रोल, रोटाव्हेटरला पोझिशन कंट्रोल, हेही लक्षात ठेवावं.

रोटाव्हेटरची वेगळी भीती म्हणजे पीटीओचा शाफ्ट. तो मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ! पदर, उपरणं, दुपट्टा अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं की ते फेकून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते बदलायला हवं. पीटीओ चालू असताना शाफ्ट ओलांडायचा नाही, रोटाव्हेटर उंच उचलायचा नाही, अडकलेला पालापाचोळा ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय काढायचा नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. पावसाळ्यात ट्रॉली किंवा मालमोटार फसली की लोक टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओढतात. म्हणजे ओढ आसाच्या वर नेऊन बांधतात! फर्ग्युसनने शंभर वर्षांपूर्वी जो मृत्यू ट्रॅक्टरच्या मागून काढून टाकला, तो आपण स्वतःच्या हाताने परत तिथे बांधतो. ओढायचं असेल तर खालच्या हुकालाच, हळू आणि सरळ.

मित्रांनो, आपल्यातले पुष्कळ जण खेड्यातून आलेले आहेत. सुट्टीत घरी गेल्यावर काका, मामा, नाहीतर भाऊ औजार जोडत असतील. तिथे आपण मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचं की क्लिप, साखळी आणि कव्हर तपासायचं? आपण त्यांच्यापेक्षा चांगला ट्रॅक्टर चालवतो असं कुणाचंच म्हणणं नाही, पण ट्रॅक्टर का उलटतो हे आपण शिकलेलो आहोत. ते समजेल अशा भाषेत, मोठेपणा न दाखवता घरी सांगितलं, तरी चार वर्षांच्या फीचा काही भाग वसूल झाला म्हणायचा. शाळा चौदाव्या वर्षी सुटलेल्या एका शेतकऱ्याच्या पोराने एवढं करून ठेवलं आहे. आपल्याला फक्त तीन पिना नीट बसवायच्या आहेत.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी